खोल गेलेले गाल : एका गोळीचा मागोवा

एचआयव्हीवर औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरवर बरीच वर्षं येणाऱ्या पेशंटांमध्ये काही चेहरे लगेच लक्षात येतात. गाल आत गेलेले, कानशिलं बसलेली, हातापायांवरच्या शिरा टरारून वर आलेल्या. पाहणाऱ्याला वाटतं, आजार बळावला असणार. प्रत्यक्षात यातल्या अनेकांचा विषाणू कित्येक वर्षं आटोक्यात असतो. चेहऱ्यावरची ही खूण बहुतेक वेळा सुरुवातीच्या काळात घेतलेल्या एका औषधाची असते. त्याचं नाव स्टॅव्हुडीन.

अमेरिकेत या औषधाला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत रुळली आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला जाऊ लागली. पण थोड्याच काळात त्यांच्या शरीराची ठेवण बदलायला लागली. पोट सुटायचं, मानेमागे चरबीचा उंचवटा यायचा आणि हातपाय मात्र काड्यांसारखे होत जायचे. सिडनीतले डॉ. अँड्र्यू कार, डॉ. डेव्हिड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या बदलांची पद्धतशीर नोंद केली. लिपोडिस्ट्रॉफी, म्हणजे चरबीची ठेवण बिघडणं, हे नाव तेव्हापासून सर्वांच्या तोंडी झालं. आधी सगळा ठपका प्रोटिएज इनहिबिटर या एचआयव्हीच्या औषधांच्या गटावर आला. पोटाची चरबी वाढणं आणि गालांची चरबी झडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढे स्पष्ट झालं. झडण्यामागे मुख्यतः स्टॅव्हुडीन होतं आणि त्याखालोखाल झिडोव्हुडीन हे एचआयव्हीवरचंच दुसरं औषध. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो. तो तयार करणाऱ्या एन्झाइमलाच ही औषधं अडवतात. त्यामुळे त्वचेखालच्या चरबीच्या पेशी हळूहळू मरतात. स्टॅव्हुडीनमुळे तळपायांची आग होते आणि मुंग्या येतात, त्यामागेही बहुधा हेच कारण आहे.

हे सगळं माहीत होत असतानाच ही गोळी आपल्याकडे घरोघर पोहोचली, आणि त्याला सबळ कारण होतं. श्रीमंत देशांत तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर जात होता. मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीचे डॉ. यूसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तेच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले. स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरॅपीन, तिन्ही एकाच गोळीत, सकाळ-संध्याकाळ. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत उपचार सुरू केले. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. झिडोव्हुडीनने रक्त कमी होतं, म्हणून ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच खाली असेल त्यांना स्टॅव्हुडीन दिलं जाई. आपल्याकडे रक्त कमी असणाऱ्यांत बायकाच जास्त, हे वेगळं सांगायला नको. लाखो लोक या गोळीने जगले, त्यामुळे ती देणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. मात्र 'जीव वाचला ना, मग चेहऱ्याचं काय घेऊन बसलात' हे उत्तर पेशंटांना फार काळ ऐकवलं गेलं, ते चूकच होतं.

कारण प्रश्न निव्वळ दिसण्याचा नव्हता. ब्लाऊज छातीवर दाटतो आणि त्याच ब्लाऊजची बाही दंडावर लोंबते. बसायच्या जागेवरची चरबी गेली की लाकडी बाकावर अर्धा तास काढणंही दुखतं. शिवाय गावात, चाळीत लोक असा चेहरा ओळखायला लागले. ज्यांनी घराबाहेर कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्यांचं गुपित गालांनी फोडलं. त्या भीतीने गोळ्या बंद कराव्याशा वाटणं स्वाभाविक होतं, आणि बंद केल्या की विषाणू पुन्हा उसळी घेतो.

त्वचेच्या तक्रारी त्याच्या जोडीला होत्याच. नेव्हिरॅपीनने अंगावर पुरळ उठायचं, क्वचित ते जिवावर बेतायचं. म्हणूनच पहिले चौदा दिवस ते अर्ध्या डोसमध्ये देत. झिडोव्हुडीनने नखं काळी पडायची. हातापायांवर खाजऱ्या पुटकुळ्या आणि त्यांचे काळे डाग मात्र औषधांचे नव्हेत, प्रतिकारशक्ती खालावल्याचे. उपचार सुरू राहिले की पुटकुळ्या बहुधा कमी होतात, डाग रेंगाळतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये स्टॅव्हुडीनचा डोस सर्वांसाठी ३० मिलिग्रॅमवर आणला आणि नोव्हेंबर २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. आपल्याकडेही त्याची जागा पुढे टेनोफोव्हिर या औषधाने घेतली. औषध बदलल्यावर चरबी परत येते, पण फार सावकाश आणि पुष्कळदा अर्धीमुर्धीच. अमेरिकेत गाल भरण्यासाठी पॉलिलॅक्टिक आम्लाच्या इंजेक्शनला २००४ मध्ये परवानगी मिळाली. मार्च २०१० मध्ये तिथल्या सरकारी मेडिकेअर विम्याने एक पाऊल पुढे टाकलं. खोल गेलेल्या गालांमुळे नैराश्य आलेल्या एचआयव्ही पेशंटांसाठी हा खर्च विम्यात बसू लागला. चेहऱ्यासोबत मनही खचतं, याची ही सरकारदरबारी झालेली नोंद मला फार मोलाची वाटते. आपल्या मोफत उपचारांत चेहऱ्यासाठी अशी सोय आली नाही.

आता डोल्युटेग्रॅव्हिर हे नवं औषध असलेली दिवसाला एकच गोळी मिळते. ती गाल पोखरत नाही. वजन मात्र वाढू शकतं. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला झालेल्या ॲडव्हान्स चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यात ही वाढ स्त्रियांमध्ये जास्त दिसली, विशेषतः टेनोफोव्हिरच्या नव्या प्रकारासोबत. आपल्या सरकारी गोळीत जुना प्रकार आहे, त्याच्यासोबत वाढ त्या मानाने कमी होती. सुरुवातीचे काही किलो म्हणजे आजारात झडलेलं अंग भरून येणं, ते चांगलंच. पण घरचे 'तब्येत सुधारली' म्हणत राहतात आणि पोटाचा घेर वाढत जातो. म्हणून दर खेपेला वजनाबरोबर कंबरही मोजून घ्यावी, अधूनमधून साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावं. चालणं आणि थोडे ताकदीचे व्यायाम पोटाच्या चरबीवर उपयोगी पडतात, गालांवर नाही. अंगावर पुरळ, ताप आणि तोंडात फोड एकत्र आले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शरीरात काही बदल खटकत असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना स्पष्ट सांगावं. गोळी बदलता येते का, हे विचारायचा पेशंटाला हक्क आहे. तोवर चालू गोळी मनाने थांबवू नये.