योगशिक्षक प्रमाणपत्रासाठी अर्ज: स्तर, पात्रता, कागदपत्रे आणि परीक्षा

भारतात योगवर्ग सुरू करण्यासाठी आजघडीला कोणताही परवाना लागत नाही. सोसायटीच्या गच्चीवर, मंदिराच्या सभामंडपात किंवा स्वतःच्या घरात कोणीही वर्ग घेऊ शकतो आणि अनेक उत्तम शिक्षक आयुष्यभर कोणत्याही प्रमाणपत्राविना शिकवत आले आहेत. तरीही शाळा, रुग्णालये, कंपन्या आणि आयुष विभागाच्या आरोग्य केंद्रांच्या जाहिरातींमध्ये गेल्या काही वर्षांत ‘वायसीबी प्रमाणपत्रधारकास प्राधान्य’ किंवा ‘आवश्यक’ असा उल्लेख वारंवार दिसू लागला आहे. त्यामुळे हठयोग शिकून तो शिकवू इच्छिणाऱ्यांनी ही प्रक्रिया एकदा नीट समजून घेणे उपयोगाचे ठरते.

वायसीबी म्हणजे योगा सर्टिफिकेशन बोर्ड, अर्थात योग प्रमाणन मंडळ. योगशिक्षकांच्या ऐच्छिक प्रमाणनाची योजना २०१५ मध्ये आयुष मंत्रालयाने भारतीय गुणवत्ता परिषदेमार्फत सुरू केली. पुढे २०१८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि त्याचे कामकाज नवी दिल्लीतील मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थानाशी जोडले गेले. ही योजना ऐच्छिक आहे, म्हणजे प्रमाणपत्र नसताना शिकवणे हा गुन्हा ठरत नाही. ‘आमचा कोर्स केला नाहीत तर शिकवताच येणार नाही’ असे सांगून प्रवेश देणाऱ्यांशी बोलताना एवढे लक्षात ठेवलेले बरे.

येथे एक भेद सुरुवातीलाच स्पष्ट केला पाहिजे. एखाद्या संस्थेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळते ते त्या संस्थेचे प्रमाणपत्र किंवा पदविका. मंडळाचे प्रमाणपत्र मात्र मंडळाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. संस्था मंडळाकडून मान्यताप्राप्त असली तरी तिच्या विद्यार्थ्याला ही परीक्षा द्यावीच लागते. महाराष्ट्रातील वाचकांना शिकण्यासाठी जवळचे आणि जुने पर्याय पुष्कळ आहेत. सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट १९१८ मध्ये श्री योगेंद्र यांनी आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद यांनी स्थापन केले. हे दोघेही नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांचे शिष्य होते, हे अनेकांना ठाऊक नसते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांना सोयीची वाटते. पुण्याच्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेच्या परंपरेत शिक्षक होण्याची स्वतःची मूल्यमापन पद्धती आहे आणि ती मंडळाच्या पद्धतीपेक्षा पूर्णपणे वेगळी आहे. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचे असेल, तर मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेटसारख्या पात्रता परीक्षेचा मार्ग धरावा लागतो. तेथे वायसीबी प्रमाणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

मंडळाने शिक्षणाच्या बाजूचे प्रमुख स्तर चार ठेवले आहेत. पहिला योगा प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, दुसरा योगा वेलनेस इन्स्ट्रक्टर, तिसरा योगा टीचर अँड इव्हॅल्युएटर आणि चौथा योगा मास्टर. त्यांच्यासाठी अपेक्षित प्रशिक्षण अनुक्रमे किमान २००, ४००, ८०० आणि १६०० तासांचे आहे. योगचिकित्सेच्या बाजूला असिस्टंट योगा थेरपिस्ट, योगा थेरपिस्ट आणि थेराप्युटिक योगा कन्सल्टंट असे वेगळे स्तर असून त्यांच्या अटी वेगळ्या आहेत. पहिल्या स्तराचा भर २१ जूनच्या आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी तयार केलेला सामायिक योग अभ्यासक्रम, म्हणजे कॉमन योगा प्रोटोकॉल, नीट शिकवता येण्यावर आहे. ज्यांना शाळा, कंपन्या किंवा गृहसंस्थांमध्ये नियमित वर्ग घ्यायचे आहेत, त्यांच्यासाठी दुसरा स्तर अधिक योग्य आहे. घाईने तिसऱ्या स्तराचा अर्ज भरणारे बरेच जण असतात, पण त्या स्तरावर इतरांचे मूल्यमापन करण्याची क्षमताही पाहिली जाते. चार-सहा महिने वर्ग घेतलेल्या व्यक्तीने तो भरण्यात शहाणपण नाही.

पात्रतेचे नियम वाटतात त्याहून सैल आहेत. वयाची कमाल मर्यादा नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर या क्षेत्रात येणाऱ्यांनी संकोच करण्याचे कारण नाही. संस्थेमार्फत अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना पहिल्या स्तरासाठी दहावी, दुसऱ्यासाठी बारावी आणि तिसऱ्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी अपेक्षित असते. ज्याने असा अभ्यासक्रम केलेला नाही, परंतु गुरूकडे किंवा एखाद्या स्थानिक योगवर्गात दीर्घकाळ शिकून ज्ञान मिळवले आहे, तो ‘खुला उमेदवार’ म्हणून थेट परीक्षेला बसू शकतो, आणि त्याच्यासाठी या स्तरांवर शैक्षणिक पात्रतेची सक्ती नाही. येथील ‘खुला’ शब्दाचा आरक्षणाच्या प्रवर्गाशी काहीही संबंध नाही; कोणत्याही प्रवर्गातील व्यक्ती खुला उमेदवार असू शकते. अर्थात अट नाही म्हणून तयारी नको, असा याचा अर्थ होत नाही, कारण परीक्षा दोन्ही प्रकारच्या उमेदवारांसाठी सारखीच असते.

कागदपत्रांची यादी लहान आहे, पण अर्ज अडतात ते बहुधा येथेच. आधार कार्ड किंवा अन्य शासकीय ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, अलीकडचे छायाचित्र, स्वाक्षरीची स्कॅन प्रत, दहावी-बारावी किंवा पदवीची गुणपत्रके आणि असल्यास योग अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र व अनुभवाचे दाखले एवढे साहित्य एका फोल्डरमध्ये आधी जमवून ठेवावे. अनुभवाचा दाखला संस्थेच्या लेटरहेडवर असावा आणि त्यात ‘अनेक वर्षे’ असे मोघम न लिहिता कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आठवड्यातून किती वर्ग व कोणत्या गटाला घेतले हे स्पष्ट लिहिलेले असावे. जुनी गुणपत्रके जीर्ण झाली असतील तर ती डिजिलॉकरमध्ये मिळतात का, हे आधी तपासून पाहावे.

खरी अडचण असते ती नावाची. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे लिहिण्याची पद्धत आहे, आणि त्यांचा क्रमही सगळीकडे सारखा नसतो. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, तर आधार कार्डावर शेवटी. योगवर्गांत शिकणाऱ्यांत आणि शिकवणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्याने, गुणपत्रकावर माहेरचे व ओळखपत्रावर सासरचे नाव ही स्थिती तर अगदी नेहमीची. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावे, आणि विवाहानंतर पहिले नावही बदललेले असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या नावबदलाची प्रत जोडावी. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन करता येत असला तरी प्रसिद्धीला वेळ लागतो, म्हणून ते काम परीक्षेच्या अर्जाच्या बरेच आधी हाती घ्यावे. प्रमाणपत्रावर नाव जसे हवे तसेच ते अर्जात लिहावे आणि ते ओळखपत्राशी अक्षरशः जुळवून घ्यावे. परीक्षा केंद्रावर ओळख पटवताना ‘Vandana’ आणि ‘Vandanaa’ अशा रोमन स्पेलिंगमधील एखादे जास्तीचे अक्षरही प्रश्न निर्माण करू शकते.

अर्ज मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर नोंदणी करून भरावा. परीक्षा मंडळाने मान्यता दिलेल्या प्रमाणन संस्थांमार्फत घेतल्या जातात, त्यामुळे अर्ज करताना स्तर, संस्था, केंद्र आणि तारीख यांची निवड करावी लागते. शुल्क स्तरानुसार बदलते. ते संकेतस्थळावर पाहूनच भरावे आणि ऑनलाइन भरल्यावर पावती लगेच उतरवून घ्यावी. वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला, तो कितीही ओळखीचा असला तरी, नकार द्यावा. लेखी परीक्षेच्या माध्यमभाषेची नोंदही अर्जातच होते. ज्यांनी सारा अभ्यास मराठीतून केला आहे, त्यांनी निवडलेल्या संस्थेकडे उपलब्ध भाषा आधीच विचारून त्या भाषेतील पारिभाषिक शब्द डोळ्यांखालून घालावेत, कारण प्रश्न समजला नाही तर उत्तर माहीत असूनही गुण जातात.

लेखी परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते. पतंजलींची योगसूत्रे, हठप्रदीपिका आणि घेरंडसंहिता यांची ओळख, शरीररचना व शरीरक्रिया यांचे मूलभूत ज्ञान, आहार आणि आरोग्यरक्षण असा अभ्यासाचा पैस आहे. हठयोगाच्या भागात पाठांतराच्या जागा ठरलेल्या आहेत: धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली व कपालभाती ही सहा शुद्धिकर्मे, सूर्यभेदनापासून प्लाविनीपर्यंतचे आठ कुंभक (प्राणायामाचे प्रकार), अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य ही योगाचा नाश करणारी सहा कारणे. हठप्रदीपिका योगाची चार अंगे सांगते आणि घेरंडसंहिता सात. या संख्यांत गल्लत होते, म्हणून दोन्ही ग्रंथांची तुलना करणारा तक्ता स्वतःच्या हाताने लिहून काढावा. तयार नोट्स वाचण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

प्रात्यक्षिकाबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा, की शरीर जितके लवचीक तितके गुण अधिक. परीक्षक आसन पाहतात हे खरे, पण उमेदवार शिकवतो कसा याकडे त्यांचे लक्ष तेवढेच असते, आणि लवचीक तरुण उमेदवार नेमके येथेच अडखळतात. उदाहरणार्थ, भुजंगासन शिकवण्यास सांगितले तर पालथे झोपण्याच्या पूर्वस्थितीपासून सुरुवात करावी: पाय जुळलेले, कपाळ जमिनीवर, तळहात छातीच्या दोन्ही बाजूंना, कोपरे शरीरालगत. मग श्वास घेत आधी डोके, नंतर छाती उचलावयास सांगावे; नाभीपर्यंतचा भाग जमिनीवर राहतो आणि भार हातांवर न देता पाठीच्या स्नायूंवर राहतो, हे बोलून दाखवावे. अंतिम स्थितीत खांदे कानांकडे चढले आहेत का, श्वास कोंडला आहे का, हे विद्यार्थ्याकडे पाहून सांगावे आणि परत येण्याचा क्रम उलट असल्याचे स्पष्ट करावे. हर्निया, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया व गर्भावस्था असताना हे आसन करू नये, हा इशारा सर्वांत शेवटी आठवण झाल्यासारखा न देता आरंभीच द्यावा. सूचना लहान वाक्यांत द्याव्यात आणि ‘रिलॅक्स, रिलॅक्स’ असे म्हणत राहण्याऐवजी नेमका कोणता अवयव सैल सोडायचा ते सांगावे.

तोंडी प्रश्नांत दक्षतेवर भर असतो. उच्च रक्तदाब असलेल्या साधकाला कपालभाती किंवा भस्त्रिका द्यावी का, मासिक पाळीत उड्डियान (पोट आत ओढून धरण्याचा बंध) करावे का, वर्गात एखाद्याला चक्कर आल्यास काय करावे, अशा प्रश्नांना थेट उत्तर अपेक्षित असते. मानसिक स्वास्थ्याविषयीचे प्रश्नही येतात. दीर्घ उच्छ्वास, भ्रामरी, शवासन आणि योगनिद्रा यांनी मनाला स्थैर्य मिळण्यास मदत होते हे सांगताना मर्यादाही सांगितली पाहिजे: नैराश्याची औषधे चालू असलेल्या व्यक्तीला ती बंद करण्याचा सल्ला योगशिक्षकाने कधीही देऊ नये, आणि डोळे मिटून पडून राहिल्यावर ज्याची अस्वस्थता वाढते, त्याला डोळे उघडे ठेवून बसण्याची मुभा द्यावी. पहिल्या चार स्तरांपैकी कोणतेही प्रमाणपत्र उपचार करण्याचा अधिकार देत नाही. वर्गात प्रवेश देताना आजार, शस्त्रक्रिया व चालू औषधे यांची माहिती विचारणारा एक पानी अर्ज भरून घेण्याची सवय असेल आणि तो नमुना सोबत असेल, तर या प्रश्नांची उत्तरे देणे सोपे जाते.

लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्ही भागांत स्वतंत्रपणे किमान गुण मिळवावे लागतात; एका भागातील कमतरता दुसऱ्याने भरून निघत नाही. निकालानंतर प्रमाणपत्र हाती आले की नाव, स्तर आणि क्रमांक तपासावा आणि चूक आढळल्यास लगेच लेखी कळवावे, कारण नोकरीच्या अर्जात पुढे हाच क्रमांक नमूद करावा लागतो.

परदेशात स्थायिक झालेल्या किंवा जाण्याच्या बेतात असलेल्या मराठी शिक्षकांसाठी एक वेगळी सूचना. अमेरिकेतील स्टुडिओ अनेकदा योगा अलायन्सची नोंदणी विचारतात. ती त्या देशातील खासगी संस्थेकडील नोंदणी असून तिच्या यादीतील शाळेतून २०० तासांचे प्रशिक्षण घेतल्यावर मिळते. तिचा आणि आपल्या मंडळाच्या प्रमाणपत्राचा परस्पर संबंध नाही. तासांची संख्या सारखी दिसली तरी एकावरून दुसरे आपोआप मिळत नाही. तेव्हा ज्या शहरात शिकवायचे आहे तेथील दोन-तीन स्टुडिओंना आणि शिक्षकांचा दायित्व विमा देणाऱ्या कंपनीला कोणते प्रमाणपत्र चालते, हे ईमेलने विचारून घ्यावे आणि मगच शुल्क भरावे.