आतषबाजीची नळी आणि प्लास्टिकचे पाइप : एक पार्श्वभूमी

दिवाळी जवळ आली की ठाण्यात आणि नवी मुंबईत हार्डवेअरच्या दुकानांतून एक चौकशी होऊ लागते : औट, म्हणजे आकाशात जाऊन फुटणारा दारूचा गोळा, सोडण्यासाठी नळी करायची आहे, तर कोणता प्लास्टिकचा पाइप चालेल? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. परवानाधारक आतषबाजीकारांनी तो दीर्घ अनुभवातून आणि काही अपघातांनंतर सोडवलेला आहे. मात्र त्यांचे उत्तर ज्या अटींवर उभे आहे, त्यांतली एकही अट घराच्या गच्चीवर पूर्ण होत नाही.

औटाची रचना आधी लक्षात घेतली पाहिजे. नळीच्या तळाशी असलेली उडवणीची दारू पेटते, तिचा वायू क्षणार्धात फुगतो आणि गोळ्याला वर ढकलतो. गोळ्याच्या आत फुटण्यासाठी वेगळी दारू असते आणि ती वर गेल्यावर पेटणे अपेक्षित असते. वात सदोष असली किंवा गोळ्याचे कवच तडकलेले असले, तर गोळा नळीतच फुटतो. नळी कशाची असावी याचा सगळा विचार या दुसऱ्या शक्यतेपासून सुरू होतो, कारण सुरळीत उडालेल्या गोळ्याचा दाब पुष्कळ पदार्थ सोसू शकतात. नळीत गोळा फुटल्यावर तिचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

प्लास्टिक येण्यापूर्वी बांबू, लाकूड, लोखंड आणि गुंडाळून चिकटवलेला जाड कागद वापरात होते. सांगली जिल्ह्यातल्या कवठे एकंद येथे दसऱ्याला सिद्धराजाच्या पालखीपुढे होणारे दारूकाम आजही प्रसिद्ध आहे, आणि औट हा शब्द तिथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. लोखंडी नळी मजबूत खरी, पण ती फुटली तर तिचे तुकडे तोफगोळ्याच्या कपच्यांसारखे उडतात. कागदी नळी फाटते, कपच्या उडवत नाही. पण ओल धरते आणि लवकर निकामी होते. फाटणारी तरीही टिकाऊ अशी नळी हवी होती, आणि ती गरज पुढे एका प्लास्टिकने भागवली.

प्लास्टिक मात्र एकच नाही. पीव्हीसी हा पदार्थ जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाऊमन यांनी १८७२ मध्ये पाहिला, आणि १९३० च्या दशकात जर्मनीत त्याचे पाण्याचे पाइप होऊ लागले. पॉलिथिन १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघातानेच हाती लागले. कमी दाबावर घट्ट घनतेचे पॉलिथिन, म्हणजे एचडीपीई, करण्याची पद्धत कार्ल झीग्लर यांनी १९५३ मध्ये काढली आणि त्यासाठी १९६३ चे नोबेल त्यांना जूलिओ नात्ता यांच्यासमवेत मिळाले. आपल्या भागाचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस नोसिल कंपनीचा, खनिज तेलापासून मिळणाऱ्या नाफ्थावर चालणारा पेट्रोरसायन कारखाना उभा राहिला, आणि पीव्हीसी व एचडीपीई ही दोन्ही प्लास्टिके याच पट्ट्यात तयार होऊ लागली. एकाच रस्त्यावर जन्मलेल्या या दोन पदार्थांचे स्वभाव मात्र अगदी भिन्न आहेत.

पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सिअसखाली काचेसारख्या ताठर अवस्थेत असते. एचडीपीईच्या बाबतीत हीच सीमा शून्याखाली शंभर अंशांहूनही खाली आहे, त्यामुळे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत ते चिवटच राहते. जुन्या इमारतीचा उन्हात वाळलेला पावसाळी पाइप पडून फुटला की त्याच्या तुकड्यांच्या कडा हाताला सुरीसारख्या लागतात. याउलट रस्ता खोदून टाकायला आणलेली, निळ्या रेघांच्या काळ्या पाइपांची भेंडोळी वाकते, चेपते, पण तिचे तुकडे होत नाहीत.

इथेच सर्वांत मोठा गैरसमज होतो. पाइपावर छापलेला आकडा पाहून, प्लंबर ज्याला ‘सहा किलोचा’ किंवा ‘दहा किलोचा’ म्हणतात तो जाड पाइप घेतला की काम सुरक्षित झाले, असे समजले जाते. तो आकडा पाण्याच्या संथ दाबासाठी आहे. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून पाइप तडकताच दाब ओसरतो. दबलेला वायू मात्र तडा गेल्यानंतरही फुगतच राहतो आणि तुकड्यांना वेग देतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका कारखान्यात दाबाखालच्या हवेची पीव्हीसी वाहिनी फुटून कामगार जखमी झाल्यानंतर, तिथल्या कामगार-सुरक्षा प्रशासनाने मे १९८८ मध्ये अशा वापराविरुद्ध इशारा दिला. तो इशारा केवळ हवेच्या दाबाबद्दल होता. दारूचा दाब त्याहून कितीतरी झपाट्याने चढतो.

जाहीर आतषबाजीत एचडीपीई आणि काचतंतूच्या नळ्या गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रुळल्या, त्या यामुळे. पीव्हीसीला तिथे जागा मिळाली नाही. पण एचडीपीई म्हणजे अभय नव्हे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्या नळीभोवती भक्कम चौकट असते, प्रेक्षकांपासून मोजून ठेवलेले अंतर असते, बहुधा दुरून विजेने पेटवण्याची सोय असते आणि परवाना असलेल्या कारखान्यातला गोळा असतो. घरी भरलेल्या गोळ्याची खात्री जगातली कोणतीही नळी देत नाही. भारतात स्फोटके अधिनियम, १८८४ आणि स्फोटके नियम, २००८ यांनुसार परवान्याशिवाय फटाके बनवणे हा गुन्हा आहे. या नियमांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे.

या जुन्या धड्याची ताजी पुनरावृत्ती २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात झाली. पाइपाच्या तुकड्यात कॅल्शियम कार्बाइड आणि पाण्यापासून ॲसिटिलीन वायू पेटवणाऱ्या ‘कार्बाइड गन’ बाजारात स्वस्तात विकल्या गेल्या, आणि भोपाळसह अनेक शहरांतल्या रुग्णालयांत डोळ्यांना इजा झालेली मुले मोठ्या संख्येने दाखल झाली. बार का होत नाही हे पाहायला कित्येकांनी नळीत डोकावले होते, आणि नेमक्या त्याच वेळी वायू पेटला. त्यानंतर तिथे या बंदुकांच्या विक्रीवर बंदी आली. त्यांतल्या बऱ्याच बंदुका घराघरांत पाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या पीव्हीसी पाइपाच्या होत्या.