कामाची फोड वेगळी, वेळापत्रक वेगळं

घर बांधायला काढलं की पहिल्याच आठवड्यात घरातलं कुणीतरी वही उघडून तारखा मांडतं: पाया कधी, स्लॅब कधी, रंग कधी. त्यालाच मग ‘कामाची फोड केली’ म्हणतात. पण ते झालं वेळापत्रक. फोड अजून व्हायचीच असते.

फोड म्हणजे वंशावळीसारखा तक्ता. वर ‘घर’, खाली पाया, सांगाडा, भिंती, वीज, नळ. विजेखाली पाइप, पंख्याचे बॉक्स, वायरी, बोर्ड. इथे तारीख नाही, क्रमही नाही. बघायचं एवढंच की सगळं आलं का. खालच्या कामांची बेरीज वरच्या कामाइतकीच भरायला हवी. अमेरिकेचं संरक्षण खातं आणि नासा यांनी १९६२ च्या मार्गदर्शिकेत ही पद्धत मांडली. वेळापत्रकाच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे गँट चार्ट, त्याहून बऱ्याच जुन्या.

आमच्या वहीत ‘वायरिंग’ ही एकच ओळ होती, प्लास्टरच्या आसपास. त्यामुळे स्लॅबच्या वेळी इलेक्ट्रिशियनला कुणी बोलावलंच नाही. पण पंख्याचा बॉक्स आणि पाइप स्लॅबच्या पोटात जातात, सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्यावर, सळई बांधताना, काँक्रीट पडायच्या आत. शेवटी हॉलच्या छताला भोक पाडून हूक ठोकला आणि वायर प्लॅस्टिकच्या पट्टीतून बाहेरून नेली. ती पांढरी पट्टी आजही डोक्यावर दिसते. ‘वायरिंग’ची आधी फोड केली असती तर पाइप वेगळा निघाला असता, आणि वेगळा निघाला की त्याची तारीख वेगळी, हे लगेच कळलं असतं.

उलटंही होतं. काही गोष्टी वेळापत्रकातच सापडतात, कारण त्या कुणी करायच्या नसतात. साध्या सिमेंटच्या स्लॅबला भारतीय मानकाप्रमाणे किमान ७ दिवस पाणी मारायचं, आणि गाळा, म्हणजे स्लॅबच्या दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपेक्षा मोठा असेल तर खालचे टेकू १४ दिवस हलवायचे नाहीत. पाणी मारणं हे काम आहे, फोडीत बसतं. टेकूंखालचे १४ दिवस म्हणजे नुसतं थांबणं. ते वेळापत्रकात धरलं नाही, तर खालच्या भिंतींचे गवंडी येऊन बसतात आणि मजुरी चालू राहते.

म्हणून मी आधी फोड करायला सांगेन, तीही तारखेचा विचार न करता. ठेकेदाराशी दर ठरवताना फोड पुढे ठेवा. ‘हे आमच्यात नव्हतं’ हा वाद तिथेच मिटतो. हप्ते ठरवताना मात्र वेळापत्रक काढा.