गेंडा, कोबा आणि चिखल

१५१४ साली ठाणे-वसईवर गुजरातच्या सुलतानाचा अंमल होता. दीवला किल्ला बांधायची परवानगी मागायला आलेल्या पोर्तुगीज वकिलांना दुसऱ्या मुझफ्फरशहाने परवानगी दिली नाही, गेंडा दिला. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमनांनंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. पुढे पोपला नजराणा म्हणून तो इटलीकडे पाठवला, तेव्हा वाटेत जहाज बुडालं. गेंडा पट्टीचा पोहणारा, पण पाय साखळदंडात जखडलेले होते.

१७४१ मध्ये बंगालहून हॉलंडला गेलेली क्लारा नावाची गेंड्याची मादी मात्र १७ वर्षं युरोपभर फिरली. प्रवासात कातडी सुकू नये म्हणून तिला माशाचं तेल चोळत. म्हणजे कातडीला ओल लागते, एवढं तेव्हाच कळलं होतं.

पायांचं कळायला फार उशीर झाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३४ मध्ये गेंडा आला. पुढे ठिकठिकाणी धुवायला सोपी म्हणून कडक जमीनच केली गेली, आणि घात तिथेच झाला. भारतीय गेंड्याच्या प्रत्येक पायाला तीन नखं, मागे मऊ गादी. गाळाच्या कुरणात नखांच्या कडा जमिनीत रुततात आणि भार पेलतात. कोब्यावर याच कडा झिजतात, दोन टनांचा भार गादीवर येतो, आणि मधल्या नखापाशी गादीला भेग पडते. भेगेत शेण-मूत शिरतं, जखम चिघळते, मग जन्मभर तासणं आणि मलमपट्टी. तबेला सांभाळणाऱ्या ठाणेकराला हे वेगळं सांगायला नको. ओल्या कोब्यावर म्हशीचे खूर कसे बिघडतात हे त्याने पाहिलेलं असतं. उपायही तोच: निजायला मऊ जागा, रबरी अंथरूण, बाहेर मातीचं अंगण आणि रोज डुंबायला चिखलाचं डबकं.

पिल्लांची गोष्टही अशीच रखडली. कलकत्त्याच्या अलिपूरमध्ये १८८९ मध्ये सुमात्री गेंड्याचं पिल्लू जन्मलं, पण भारतीय गेंड्याचं प्राणिसंग्रहालयातलं पहिलं पिल्लू, रुद्र, १४ सप्टेंबर १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला झालं. अडचण नर-मादीच्या भांडणाची. एरवी एकत्र सोडले तर ते एकमेकांना जबर जखमी करतात. म्हणून दोघांची अंगणं वेगळी, मध्ये मजबूत गजांचं फाटक. मादी साधारण सहा-सात आठवड्यांनी माजावर येते. तेव्हा ती शिट्टीसारखा आवाज काढते, थोडं थोडं मुतत राहते. फाटक उघडायचं ते तेवढ्याच दिवसांत. गाभणकाळ सुमारे १६ महिने. वय वाढेल तशा मादीच्या जननमार्गात गाठी धरतात आणि पुढे तिचं फळणं अवघड होतं, त्यामुळे जोडीची वाट पाहत तिला एकटी ठेवणं हे मोठं नुकसान असतं.