जुन्या जीपचा आवाज मोजून ओळखता येतो

जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप खालून आवाज करू लागली की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा अंदाजाने काम सुरू होतं. आधी क्रॉस (ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला अधिक-चिन्हासारखा तुकडा) बदलतात, मग बेअरिंग, शेवटी क्राऊन-पिनियन (चाकांना फिरवणारी मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी). पैसे जातात, आवाज तसाच राहतो. खरं तर गाडीखालचा प्रत्येक भाग आपापल्या ठरलेल्या वेगाने फिरत असतो. आवाज सेकंदाला साधारण किती वेळा येतो हे कळलं, तर पान्याला हात लावण्याआधीच निम्मे संशयित बाद होतात.

महिंद्राने मुंबईत १९४७ मध्ये विलिज जीपची जुळणी सुरू केली. त्याच घराण्यातली सीजे-३बी आजही अनेक ठिकाणी धावते, म्हणून तिचंच गणित करू. ६.००-१६ टायरचा एक फेरा म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर. ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास ५ फेरे घेतं. मागच्या डिफरन्शिअलमध्ये (दोन चाकांना ताकद वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा दातेरी संच) पिनियनला ८ दात आणि क्राऊनला ४३, म्हणजे गुणोत्तर ५.३८. त्यामुळे त्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट (डिफरन्शिअलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) सेकंदाला सुमारे २७ फेरे घेतो, आणि पिनियनचे दात क्राऊनला सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा भिडतात.

आता कान लावा. एकेक ठोका वेगळा ऐकू येत असेल तर दोष चाकाच्या वेगाने फिरणाऱ्या भागात आहे: टायर, ड्रम, चाकाचं बेअरिंग, फार तर क्राऊनचा एखादा तुटका दात. ठोके मोजता येत नाहीत पण पायाखालचा पत्रा थरथरतो, तर शाफ्टकडे बघा. गुणगुणल्यासारखा सलग सूर असेल तर दात बोलताहेत. त्या सुराची आणखी एक खूण आहे. अॅक्सिलरेटर दाबल्यावर दातांची एक बाजू भार घेते, सोडल्यावर दुसरी. पाय उचलताच सूर बदलला तर संशय क्राऊन-पिनियनवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर. रिकाम्या रस्त्यावर किंचित डावी-उजवीकडे वळताना घरघर कमी-जास्त झाली तर बहुधा चाकाचं बेअरिंग.

शाफ्टची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉसचा जॉइंट असतो. जॉइंट कोनात असला की एक बाजू एकसारख्या वेगाने फिरत असतानाही दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन १० अंशांचा असेल तर वेग जेमतेम दीड टक्का वर-खाली होतो, पण ३० अंशांना तोच फरक सुमारे १५ टक्क्यांवर जातो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट हा चढउतार उलटा करून मिटवतो. त्यासाठी दोन्ही कोन सारखे हवेत आणि शाफ्टवरचे दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत. दुरुस्तीसाठी शाफ्टचा सरकता जोड बाहेर काढला आणि परत बसवताना स्प्लाइन (जोडाच्या उभ्या खाचा) चुकली, तर कोरे करकरीत क्रॉस घालूनही गाडी थरथरणारच. म्हणून शाफ्ट उघडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खुणेची रेघ मारून घ्या. गाडी उंच करण्यासाठी पाटे बदलल्यावर सुरू झालेली थरथरही बहुतेकदा या कोनांमुळेच असते.

सुकलेला क्रॉस वेगळाच ओळखू येतो. हळू चालताना चूं-चूं, आणि पुढून रिव्हर्समध्ये टाकताना खट्‌. त्याच्या टोपीभोवती गंजाची तांबूस भुकटी दिसली तर सुयांच्या बेअरिंगमधलं ग्रीस कधीच संपलं आहे.

खाली शिरताना मात्र सावध. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे शाफ्टलाच पकडतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शिअलमुळे दुसरं चाक मोकळं होतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय अंग खाली घालू नका.

आवाज झाला म्हणजे बिघाड झालाच, असंही नाही. या ट्रान्सफर केसमध्ये टू-व्हीलवर चालतानाही ताकद मधल्या गिअरमधूनच जाते, त्यामुळे थोडी कुईं कायमची असते. ती वाढत नसेल तर तेलाची पातळी बघून तिला तशीच राहू द्या. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब (चाक अॅक्सलपासून मोकळं करता येणारे जोड) असतील तर टू-व्हीलवर ते मोकळे करून एक चक्कर मारा. आवाज थांबला तर दोष पुढच्या शाफ्टच्या किंवा अॅक्सलच्या बाजूला.

डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळल्यावर येणारा धाडकन आवाज वेगळा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब वाट चालतात, पण मध्ये डिफरन्शिअल नसल्याने दोन्ही शाफ्टना एकाच वेगाने फिरावं लागतं. फरकाचा पीळ शाफ्टमध्ये साठत जातो आणि टायर घसरला की एकदम सुटतो. अशा वेळी फोर-व्हीलचा लीव्हरही अडकतो. तो जोर लावून ओढू नका, गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ उतरतो आणि लीव्हर सहज निघतो.