बाळंतशोप

बाळंतशोप : शेपूची वाळवलेली फळे. व्यवहारात यांना बी म्हणतात. कुल एपिएसी; म्हणजे ओवा, जिरे, धने आणि बडीशेप यांच्याच गोतातली. संस्कृत नावे शतपुष्पा, शताह्वा. हिंदीत सोया किंवा सुवा. नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीत नुसते ‘सोप द्या’ म्हटले तर पुडीत बडीशेप येते. ही हवी असेल तर ‘बाळंत’ हा शब्द जोडावा लागतो, नाहीतर ‘सुवा’ म्हणावे लागते. ग्रंथांतला घोळही याच जातीचा आहे.

तळहातावर घेऊन पाहिल्यास फरक चटकन कळतो. बाळंतशोपेचा दाणा चपटा, लंबगोल व तपकिरी असून कडेला फिकट, पंखासारखी किनार असते. चोळल्यावर वास शहाजिऱ्याकडे झुकतो, कारण तेलात कार्व्होन असते. बडीशेप हिरवट, लांबट व गोड. तिच्यातले मुख्य द्रव्य ॲनेथोल. भारतीय शेपूच्या तेलात याखेरीज डिलॅपिओल आढळते. त्यावरून तिला अनेथम सोवा अशी वेगळी जाती मानत. अलीकडे तिचा समावेश बहुधा अनेथम ग्रॅव्हिओलेन्समध्येच करतात.

शतपुष्पा म्हणजे नेमके काय, यावर एकमत नाही. भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथात (सु. सोळावे शतक) शतपुष्पा व मिश्रेया ही दोन द्रव्ये वेगळी दिली आहेत, पण ‘मधुरा’ आणि ‘मिसि’ हे पर्याय दोन्हींच्या नावांत येतात. गुण सांगताना शतपुष्पा लघु, तीक्ष्ण, कटू, उष्ण व पित्तकर म्हटली आहे. मिश्रेया त्याच गुणांची, ‘विशेषतः योनिशूल घालवणारी’ म्हटली आहे. उलट काश्यपसंहिता या जुन्या आयुर्वेदग्रंथातील शतपुष्पा-शतावरी-कल्पाध्यायात शतपुष्पेला मधुर, बृंहण (शरीर भरवणारी), बल्य, ऋतुप्रवर्तनी (पाळी आणणारी) व योनिशुक्रविशोधनी (योनी व शुक्र शुद्ध करणारी) म्हटले आहे. ‘मधुर’ या एका शब्दावरून ती बडीशेप असावी असा तर्क करता येतो. मात्र त्याच वर्णनात ती उष्ण व वातशामकही सांगितली आहे, आणि कल्पातील (द्रव्याच्या उपयोगांवरील अशा अध्यायातील) स्तुती शब्दशः घेऊ नये हे बरे. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने शताह्वा म्हणजे शेपू व मिश्रेया म्हणजे बडीशेप असा निवाडा केला आहे. तोच येथे धरला आहे.

काश्यपसंहितेचा काळही निश्चित नाही. नेपाळात मिळालेल्या खंडित पोथीवरून ती १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. मूळ ग्रंथ फार जुना असला तरी उपलब्ध पाठ वात्स्य या आचार्याने संस्कारित केलेला आहे व तो इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासचा असावा. चरकसंहितेत शतपुष्पा आस्थापनोपग व अनुवासनोपग या गणांत आहे, म्हणजे बस्तीसाठी (गुदमार्गे औषध देण्यासाठी) उपयोगी द्रव्यांत. आहारद्रव्य म्हणून तिचे तेथे विशेष कौतुक नाही.

काश्यपाने ती आर्तवाच्या (मासिक पाळीच्या) जवळजवळ सर्वच दोषांवर सांगितली आहे : रज न दिसणे, दिसूनही निष्फळ ठरणे, अति जाणे, अत्यल्प जाणे. अति आणि अल्प या दोन्हींवर एकच उष्ण द्रव्य कसे चालेल, ही शंका रास्त आहे. व्यवहारात ती विलंबाने येणाऱ्या, दुखऱ्या व कमी जाणाऱ्या पाळीत देतात. अंगावरून फार जात असेल, किंवा पित्तप्रकृती असेल, तर टाळतात. विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो, तेव्हा ही सावधगिरी अधिकच पटते. प्रत्यक्ष पाळीच्या तीन दिवसांच्या आहारात तिला जागा दिसत नाही : अष्टांगहृदयात रजस्वलेला (पाळी आलेल्या स्त्रीला) दुधात शिजवलेले जवाचे अन्न, तेही थोडे, पानावर, मातीच्या परळात किंवा हातावर घ्यायला सांगितले आहे.

गर्भारपणी भाजीला घातलेल्या शेपूची गोष्ट वेगळी. बियांचा काढा किंवा चूर्ण वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. आधुनिक पुरावा तुटपुंजा आहे. इराणमधील २०१४ च्या एका छोट्या चाचणीत पाळीच्या वेदनांवर शेपूचे चूर्ण मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामक औषधाच्या तोडीचे आढळले. दूध वाढते या समजुतीला तेवढाही आधार नाही.

ग्रंथात ऋतुप्रवर्तनी असलेले हे द्रव्य घराघरांत मात्र प्रसूतीनंतरचे म्हणूनच उरले आणि मराठी नावातही पाळी नाही, बाळंतपण आहे. जेवणानंतर बाळंतिणीला बाळंतशोप, ओवा, तीळ व किसलेले सुके खोबरे मंद आचेवर वेगवेगळे भाजून, चवीपुरते सैंधव घालून चिमूट-चिमूट चघळायला देतात. तीळ तडतडले की उतरवायचे. बाळंतशोप मात्र रंगावर नव्हे, वासावर उतरवतात. जरा जास्त झाली की कडवट लागते आणि बाळंतीण ती गुपचूप पदराआड टाकते.