बोटावरची शाई नेमकी टिकते कुठे?

रावेर, सावदा, फैजपूर हा केळीचा पट्टा. नगर परिषदेच्या मतदानाला केळी कापणीवरून थेट आलेल्या माणसाची बोटं आधीच काळी असू शकतात. घड कापताना, फण्या सोडवताना हातावर चीक गळतो. त्यातली पॉलिफिनॉल द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनमुळे तपकिरी-काळी होतात आणि साबणाला दाद देत नाहीत. मग बोटावरचा डाग चिकाचा, की आधी कुठे मत देऊन आल्याचा?

फरक कळतो. चीक तळव्यावर, बोटांच्या चिरांत, अनेक बोटांवर विखुरलेला असतो. मतदानाची खूण एरवी डाव्या तर्जनीवरच असते. विधानसभा-लोकसभेला 2006 पासून ती ठिपक्याऐवजी नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत रेघ म्हणून ओढतात.

या शाईत दोन गोष्टी वेगवेगळं काम करतात. जांभळा रंग लगेच दिसावा म्हणून घातलेला असतो. तो काही दिवसांत धुऊन जातो. टिकणारं द्रव्य आहे सिल्व्हर नायट्रेट. त्वचेवरच्या घामातल्या मिठाशी त्याची गाठ पडली की सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, जे पाण्यात विरघळत नाही. त्यावर उजेड पडला की त्यातून चांदीचे अतिसूक्ष्म काळे कण सुटतात. म्हणूनच खूण बाहेर उन्हात आल्यावर गडद होत जाते, आणि म्हणूनच बाटलीला उजेड लागू द्यायचा नसतो. मैसूर पेंट्स अँड व्हार्निश ही कर्नाटक सरकारची कंपनी ही शाई बनवते. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे.

बिघडतं ते बहुतेक वेळा लावण्यात. बोटावर तेल किंवा मेण असेल तर शाई त्वचेपर्यंत पोहोचतच नाही. वरच्या थरावर बसते आणि फडक्यानं निघून येते. त्यामुळे आधी कोरड्या कापडानं बोट पुसायचं, मग शाई लावायची. केळीचा चीकही चिकट थर धरतो, तिथे हे पुसणं जास्तच गरजेचं. रेघ नुसती नखावर ओढून भागत नाही. नख आणि त्वचा जिथे मिळतात त्या कडेवर शाई उतरली पाहिजे. तिथून ती खरवडून काढणं अवघड. शाई लावल्यावर मतदाराची सही किंवा अंगठा घेतात. हा क्रम मुद्दाम ठेवलाय, कारण मधल्या वेळात शाई सुकते. ओली असताना पुसली तर रासायनिक क्रिया पुरी होण्याआधीच ती निघून जाते. आणि बाटली कलंडू नये म्हणून ती वाळू भरलेल्या डब्यात रोवून ठेवायची; टेबलावर उघडी बाटली सांडली की केंद्रावर धावपळ उडते.

महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत बाटलीऐवजी मार्कर पेन वापरला गेला आणि 2026 च्या जानेवारीत महापालिका मतदानावेळी शाई पुसली जाते अशा तक्रारी झाल्या. पेनाचं टोक एकदाच हलकं फिरवलं तर शाई फारच कमी उतरते. नखावर आणि वरच्या त्वचेवर तीन-चार वेळा घासलं पाहिजे. तरीही शाई पुसली म्हणून दुसरं मत मिळत नाही: यादीत नावापुढे खूण झालेली असते, नोंदवहीत सही असते. शाई ही दुसरी कडी आहे, पहिली नव्हे. पण मतदाराच्या नजरेला दिसणारी तीच एक, म्हणून ती नीट लागलीच पाहिजे.

एक गोष्ट मात्र लोकांना आवर्जून सांगायला हवी. बोटाला शाई लागली म्हणजे मत दिलं असं नव्हे. शाई यंत्रापर्यंत जाण्याआधीच लागते. नगर परिषदेत बहुतेक प्रभागांत दोन सदस्य आणि एक थेट नगराध्यक्ष, म्हणजे तीन बटणं; जळगाव-धुळे महापालिकेत बहुतेक प्रभागांत चार. सगळ्या जागांसाठी बटण दाबल्याशिवाय प्रक्रिया पुरी होत नाही. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथे नोटा दाबायचा.

त्वचेवरचा डाग दोन-तीन आठवड्यांत मृत पेशींबरोबर गळतो. नखावरचा राहतो, नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे खूण पुढे सरकत जाऊन कापली जायला काही महिने लागतात. म्हणून एखाद्या केंद्रावर फेरमतदान झालं, तर शाई तर्जनीला न लावता डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात.